कानाच्या मशीनचे पैसे नेमके कशाचे?

"ऐकू येतं, पण कळत नाही." सत्तरीच्या आसपासचं माणूस असं म्हणायला लागलं की घरच्यांना ते सोयीचं बहिरेपण वाटतं. स्वयंपाकघरात त्याच्याबद्दल कुणी काही बोललं तर बरोबर ऐकू जातं आणि दळण आणायला सांगितलं की जात नाही, हा आरोप घरोघरी होतो. पण ते वाक्य अगदी अचूक आहे. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणाचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही. कानाचं मशीन घेताना पैसे कशाला मोजायचे आणि कशाला नाही, तेही बरंचसं याच वाक्यावरून ठरतं.

आतल्या कानात एक शंखाकृती नळी असते, कॉक्लिया. तिच्यात केसांसारख्या सूक्ष्म पेशींच्या रांगा असतात. आवाजाची कंपनं या पेशींवर आली की त्यांचे विद्युत संदेश बनतात आणि नसेवाटे मेंदूकडे जातात. वय, वर्षानुवर्षांचा गोंगाट, काही औषधं यांनी या पेशी मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात आणि सहसा त्याच आधी जातात. आता बोलणं बघा. बोलण्यातला जोर आ, ओ, ऊ अशा स्वरांत असतो, आणि त्यांची पट्टी खालची. शब्द ओळखू येतो तो मात्र स, श, त, ठ, क, फ यांच्यामुळे, आणि ही व्यंजनं नाजूक आणि उंच पट्टीची. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते निसटतं. मंडईत भाजीवाला "सात" म्हणाला, "साठ" म्हणाला की "आठ", हे अशा कानाला सांगता येत नाही.

दुसरी तक्रारही ओळखीची. हळू बोललं तर "काय?", आणि जरा आवाज चढवला की "ओरडतोस कशाला?" हा चिडकेपणा नव्हे. ऐकू यायला सुरुवात होते ती खालची मर्यादा वर सरकलेली असते, पण आवाज असह्य व्हायला लागतो ती वरची मर्यादा जवळपास तिथेच राहते. मधली जागा आक्रसते. म्हणून चांगल्या मशीनला हळू आवाज बराच वाढवावा लागतो, मध्यम आवाज थोडा, आणि मोठा आवाज जवळजवळ नाहीच. शिवाय हे सगळं प्रत्येक पट्टीसाठी वेगळं, कारण खालच्या पट्टीत कान कदाचित धडधाकट असेल.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत जे "कानाचं मशीन" म्हणून विकलं जातं, त्यातल्या बहुतेकांना हे करता येत नाही. ते नुसते ॲम्प्लिफायर असतात. सुनेचा आवाज, मिक्सर, ताटावर पडलेला चमचा, पुण्याच्या पीएमपीएमएल बसचा ब्रेक, सगळं सरसकट मोठं करतात. आजोबा दोन दिवस घालतात, मग ते खणात जातं, आणि "मशीनचा काही उपयोग नसतो" हा निकाल घरात कायमचा लागतो. स्वस्त खरेदीतलं खरं नुकसान हे आहे, हजार रुपये गेले हे नव्हे.

आधी डॉक्टर

ऐकू कमी येण्याची सगळी कारणं मशीनने सुटणारी नसतात. कानात मळाचा बोळा घट्ट बसला असेल तर तो काढला की काम होतं. पडद्याला भोक, पडद्यामागे साठलेलं पाणी, मधल्या कानातलं तिसरं हाड घट्ट होणं, यांवर औषध किंवा शस्त्रक्रिया असू शकते. कान वाहत असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, चक्कर येत असेल, एकाच कानात सतत आवाज येत असेल, तर मशीनच्या दुकानात पाऊलही टाकू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने एकदम ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची वेळ समजा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लवकर औषध सुरू झालं तर ऐकू परत येण्याची शक्यता असते, आणि ती दिवसागणिक कमी होत जाते. सर्दीने दडा बसला असेल म्हणून आठवडाभर वाट बघणारे बरेच जण ही संधी घालवतात.

मग ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख. हा आलेख डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवून देण्याची गोष्ट नाही, स्वतः वाचायला शिकण्याची आहे. डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढत जाते, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ. वरून खाली डेसिबल वाढत जातात. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. खूण जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. सरासरी २५ डेसिबलपर्यंत ठीक, २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, त्यापुढे तीव्र, आणि ९० च्या पलीकडे अतितीव्र. वयामुळे आलेल्या बहिरेपणाची रेष बहुधा डावीकडे वर असते आणि उजवीकडे उतरत जाते. याशिवाय कानामागच्या हाडावर कंपक ठेवून केलेल्या चाचणीच्या खुणा असतात. हाडाने नीट ऐकू येतंय आणि हवेतून येत नाही, असा फरक दिसला तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, म्हणजे पुन्हा डॉक्टर.

चाचणी कुठे झाली यालाही महत्त्व आहे. ध्वनिरोधक खोली हवी. रस्त्याला लागून असलेल्या गाळ्यात, काचेचं दार लोटून घेऊन केलेल्या चाचणीत बाहेरची रिक्षा खालच्या पट्टीचे बारीक आवाज झाकून टाकते. मग कान आहे त्याहून वाईट दिसतो, आणि त्या आकड्यांवर बसवलेलं मशीन खालच्या पट्टीत उगाच गरजतं. सोसायटीच्या हॉलमधल्या मोफत शिबिराचा उपयोग "तपासून घ्यायला हवं" एवढं कळण्यापुरता. तिथल्या कागदावर मशीन घेऊ नये. नीट चाचणी पुण्यात काही शे रुपयांत होते. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा भारती विद्यापीठाच्या श्रवण आणि वाचा विभागासारख्या शिक्षणसंस्थेत केली, तर चाचणी करणाऱ्याला तुम्हाला काही विकायचं नसतं, हाही फायदा. ऑडिओग्रामची प्रत मागून घ्या. ती हातात असली की तुम्ही दोन-तीन ठिकाणी जाऊन एकाच कानाबद्दल बोलू शकता.

साखळी दुकान की पेठेतला क्लिनिकवाला

टिळक रोड, कर्वे रोड, कॅम्प, चिंचवड, कुठेही गेलात तरी दोन प्रकारची ठिकाणं दिसतील. एक, देशभर शाखा असलेली चकचकीत केंद्रं. दुसरी, एखाद्या ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, स्वतः चालवलेलं एका खोलीचं क्लिनिक, बाहेर साधी पाटी, आत बाकावर चार ज्येष्ठ नागरिक. माझा कल दुसऱ्याकडे आहे, आणि त्याचं कारण आपलेपणा हे नाही.

जगातली बहुतेक श्रवणयंत्रं पाच उद्योगसमूहांतून येतात. सोनोव्हाचे फोनॅक आणि युनिट्रॉन, डिमांटचे ओटिकॉन आणि बर्नाफॉन, डब्ल्यूएस ऑडिओलॉजीचे सिग्निया आणि वाइडेक्स, जीएनचं रीसाउंड, आणि अमेरिकेचं स्टार्की. जुनी माणसं ज्याला सीमेन्सचं मशीन म्हणतात तेच आता सिग्निया. एका समूहातल्या भावंडांत बरंच तंत्रज्ञान सारखं असतं, आणि कमी गाजलेलं भावंड अनेकदा स्वस्त मिळतं. स्वतंत्र विक्रेता तीन-चार कंपन्यांचा माल ठेवत असेल तर तो तुमच्या कानावरून कंपनी निवडू शकतो. एकाच कंपनीचं केंद्र मात्र तुमचा कान आपल्या कॅटलॉगात बसवणार.

आणखी एक गोष्ट विक्रीच्या वेळी कुणी बोलत नाही. काही ठिकाणची मशीन सॉफ्टवेअरने कुलूपबंद असतात, त्यांचं सेटिंग त्याच साखळीत बदलता येतं. उद्या तुम्ही कोथरूडहून मुलीकडे नाशिकला राहायला गेलात आणि तिथे ती शाखा नसेल, तर मशीन आहे तसंच वापरायचं. "हे दुसऱ्या कुठल्याही ऑडिओलॉजिस्टकडे प्रोग्रॅम करता येईल ना?" हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा.

छोटं ठिकाण आहे म्हणून ते आपोआप चांगलं ठरत नाही. "आमच्याकडे वीस वर्षं मशीन मिळतात" हा अनुभव विक्रीचा झाला. समोरची व्यक्ती पदवीधर ऑडिओलॉजिस्ट आहे का, भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारायला संकोच नको. नोंदणी असलेला माणूस सहसा ती भिंतीवरच लावतो. मग मशीन कसं बसवतात ते बघा. संगणकात ऑडिओग्राम भरला की कंपनीचं सॉफ्टवेअर एका क्लिकवर सेटिंग देतं, त्याला या धंद्यात "फर्स्ट फिट" म्हणतात. ती सुरुवात असते. तिथेच थांबून पैसे मागणारा विक्रेता असेल तर उठा. चांगला ऑडिओलॉजिस्ट तुमच्याशी बोलतो, पाठमोरा होऊन शब्द म्हणतो, कागद चुरगाळतो, टाळी वाजवतो, "त्रास होतो का?" विचारतो, आणि मग एकेक पट्टी खालीवर करतो. काहींकडे कानात बारीक नळी ठेवून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजायचं उपकरण असतं. त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ते असेल त्या ठिकाणी चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

पैसे

साधं, पण पूर्ण डिजिटल, कानामागे बसणारं मशीन एका कानाला साधारण दहा-पंधरा हजारांपासून मिळतं. मधल्या श्रेणीचं पंचवीस ते साठ हजार. त्यापुढे लाख, दोन लाख, कितीही. खोक्यावरची छापील किंमत विसरा. या व्यवहारात ती सूट दाखवण्यासाठीच असल्यासारखी असते, त्यामुळे "पन्नास टक्के सूट" याला काही अर्थ नाही. कंपनी, मॉडेलचं पूर्ण नाव आणि श्रेणी लिहून घ्या आणि त्याच मॉडेलचा हातात पडणारा भाव दुसरीकडे विचारा. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, तो लावलेला दिसला तर कारण विचारा. बॅटरीवर कर लागतो, ते बरोबर.

एकाच मालिकेतल्या स्वस्त आणि महाग मशीनमध्ये आतलं यंत्र पुष्कळदा तेच असतं, सॉफ्टवेअरने कमी-जास्त सोयी उघडलेल्या असतात. त्यातल्या कोणत्या तुमच्या कामाच्या? माणूस दिवसभर घरात असेल, दोघा-तिघांशी बोलणं, टीव्ही, फोन, संध्याकाळी बागेत एक फेरी, तर आठ चॅनल, म्हणजे वेगवेगळे कमी-जास्त करता येणारे पट्टीचे आठ भाग, असलेलं साधं मशीन नीट बसवून घेतलं तर पुरतं. चोवीस-अठ्ठेचाळीस चॅनलच्या आकड्यांनी दिपून जाऊ नका. ज्याला मीटिंगा, कार्यालयं, हॉटेलं, भजनी मंडळ यांत वावरायचं आहे त्याने दिशा ओळखणाऱ्या दोन मायक्रोफोनवर पैसे घालावेत. गोंगाटात समोरच्याचं बोलणं वेगळं काढायला मदत करणारी ती खरी सोय. तरीही लग्नाच्या पंगतीत बँड चालू असताना सगळं समजेल अशी अपेक्षा लाखाच्या मशीनकडूनही करू नये. तिथे धडधाकट कानांनाही काही समजत नाही.

फोनशी ब्लूटूथने जोडणं नातवंडं दूर असतील तर मोलाचं. चार्जिंगचं मशीन बोटं थरथरणाऱ्यांसाठी चांगलं, कारण तपकिरी पट्टीचा ३१२ नंबरचा सेल चिमटीत धरणंसुद्धा कठीण जातं. मात्र आतली बॅटरी चार-पाच वर्षांनी थकते, ती बदलण्याचा खर्च आधीच विचारा. सेलवाल्या मशीनला १३ नंबरचा, केशरी पट्टीचा सेल आठवडा ते दोन आठवडे जातो. सहा सेलची पट्टी दोन-तीनशे रुपयांना धरली तर दोन्ही कानांचा वर्षाचा खर्च तीन हजारांच्या आसपास. बॅटरीला दुपारी एक ते चार ही वेळ कळत नाही, म्हणून घरात एक पट्टी जास्तीची ठेवा.

पैसे मोजके असतील आणि दोन्ही कान सारखे गेले असतील, तर चाळीस हजारांचं एक घेण्यापेक्षा वीस-वीस हजारांची दोन घ्या. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतला फरक बघून ठरवतो. रस्ता ओलांडताना तेच उपयोगी पडतं.

कानाच्या आत लपणारं छोटं मशीन दिसत नाही म्हणून लोकांना हवं असतं. ते महाग पडतं, त्यात सेल सगळ्यात लहान, मळाने लवकर चोंदतं, आणि बहिरेपण तीव्र असेल तर त्याची ताकद पुरत नाही. कानामागचं मशीन दणकट. त्याला एकच खरी अडचण, हेल्मेट काढताना ते ओढलं जातं. स्कूटर चालवणाऱ्यांनी दुकानातच हेल्मेट घालून-काढून बघावं. विक्रेता हसला तरी चालेल.

कपाटात आजींचं जुनं मशीन पडलं असेल तर फेकू नका. त्याची ताकद तुमच्या ऑडिओग्रामला पुरत असेल आणि ते कुलूपबंद नसेल, तर नवीन मोल्ड, म्हणजे तुमच्या कानाच्या मापाचा साचा, करून, पुन्हा प्रोग्रॅम करून वापरता येतं. असं काम करून देणारे बहुधा स्वतंत्र क्लिनिकवालेच, आणि जो ते करायला तयार होतो त्याच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं.

बिलावर दोन्ही मशीनचे अनुक्रमांक हवेत, हमी कंपनीची की दुकानाची हे हवं, आणि पुढची किती सेटिंगं किमतीत धरली आहेत तेही हवं. अनुक्रमांक कंपनीच्या ग्राहकसेवेला कळवून हमी नोंदली गेली का ते तपासा. चोरवाटेने आलेल्या मालाला इथे हमी मिळत नाही. दुरुस्तीला मशीन कंपनीकडे गेलं तर मधल्या काळात बदली मशीन देणार का, हेही विचारून ठेवा. आणि घेण्याआधी काही दिवस घरी वापरून बघायला मागा. अनामत ठेवावी लागली तर ठेवा, पण परत केल्यास किती कापणार ते लिहून घ्या.

सरकारी मदत

अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर यंत्र मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या खर्चात मिळू शकतं. प्रमाणपत्रासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी ससून किंवा औंध जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी होते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात, त्यात श्रवणयंत्र बसतं. चौकशी समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. केंद्र सरकारी निवृत्तांना सीजीएचएस आणि माजी सैनिकांना ईसीएचएस या सरकारी आरोग्य योजनांतून ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च मिळतो, पण मंजुरी आधी घ्यावी लागते. खरेदी करून मग बिल घेऊन गेलं की हेलपाटे ठरलेले. खासगी आरोग्य विम्यात श्रवणयंत्र बहुधा वगळलेलं असतं.

घरी आल्यावर

चष्मा घातला की लगेच दिसतं, मशीनचं तसं नाही. कित्येक वर्षं जे आवाज मेंदूपर्यंत गेलेच नाहीत ते एकदम यायला लागतात. स्वतःच्या चपलांचा आवाज, पंखा, वर्तमानपत्राची घडी, नळ, सगळं अंगावर येतं. स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा वाटतो. कान पूर्ण बंद करणाऱ्या मोल्डऐवजी भोकं असलेला रबरी डोम लावून तो त्रास पुष्कळदा कमी होतो. शिट्टी वाजत असेल तर मोल्ड सैल आहे किंवा कानात मळ आहे. सुरुवातीला शांत खोलीत दोन-तीन तास, मग वाढवत न्यायचं. महिना-दीड महिना द्यावा लागतो आणि त्या काळात ऑडिओलॉजिस्टकडे तीन-चार चकरा होतात. घरापासून जवळचं क्लिनिक निवडायचं ते यासाठी. पहिल्या उत्साहात वाकडहून सदाशिव पेठेत गेलेले लोक तिसऱ्या चकरेला कंटाळतात.

रोज सरासरी किती वेळ घातलं गेलं याची नोंद बहुतेक डिजिटल मशीन ठेवतात. आजोबा सांगतात "दिवसभर घालतो", आणि क्लिनिकमधला संगणक सांगतो पाऊण तास. हे आधीच माहीत असलेलं बरं.

घरच्यांचंही काम आहे. मशीन बसवल्यावर ओरडून बोलू नका, त्याने आवाज फाटतो. समोर येऊन, तोंड दिसेल असं, नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोला. आतल्या खोलीतून हाक मारणं बंद.

जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमटपणात मशीनच्या नळीत पाण्याचे थेंब साठतात आणि आवाज जातो. रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून, सिलिका जेलच्या डबीत मशीन ठेवायचं. दाण्यांचा रंग बदलला की ते बदलायचे. नवीन सेलवरची चिकटपट्टी काढली की मिनिटभर हवेत ठेवून मग घालावा, कारण हा सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. एकदा पट्टी काढली की परत लावून तो वाचत नाही. सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय.

नळी पिवळी आणि कडक झाली की बदलून घ्यावी, मळाची जाळी चोंदली की नवीन लावावी. "मशीन बिघडलं" म्हणून आलेल्या कितीतरी मशीनचा बिघाड एवढाच असतो, आणि प्रामाणिक दुकानदार तो उभ्या उभ्या काढून देतो. वर्षातून एकदा नवा ऑडिओग्राम काढून जुन्याशेजारी ठेवा. रेष खाली सरकली असेल तर आहे त्याच मशीनचं सेटिंग वाढवून घेता येतं. त्या भेटीत कुणी थेट नवीन मॉडेल दाखवायला लागलं तर जुनं किती डेसिबलपर्यंत पुरतं, हे आधी विचारा.